प्रवाहाबरोबर चाळीस मिनिटे

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरीवर, सयाजीराव महाराजांच्या कारभारावर, मधुमेहावर आणि गेल्या वर्षी म्युच्युअल फंडावर बोलणारी अधिकारी मंडळी येऊन गेली. मी त्यांच्या रांगेतला नाही. मी राज्य सरकारच्या पाटबंधारे खात्यात अधिक मदतनीस इजनेर आहे, म्हणजे आपल्या आजोबांच्या भाषेत ओव्हरसियर. शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. नोकरीची बावीस वर्षे कालव्याच्या काठावर गेली. वरून पाणी किती सुटले, शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत किती पोहोचले आणि मधले कुठे गेले, याचा हिशेब ठेवणे हे माझे काम. अशा माणसाने समुद्रात बुडी मारून काय पाहिले हे तुम्हाला ऐकावेसे वाटले, यात तुमचाच मोठेपणा आहे.

विषय आहे ड्रिफ्ट डायव्हिंग. आपण त्याला वाहती बुडी म्हणू. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचे, पाण्याखालच्या प्रवाळाच्या भिंतीशेजारी यायचे आणि मग पोहायचे नाही. प्रवाह नेईल तिकडे, भिंतीच्या कडेकडेने जायचे. जिथून उतरलो तिथे परत यायचे नाही. वर होडी आपल्या मागोमाग येत राहते आणि जिथे वर येऊ तिथून उचलून घेते. जगात अशा जागा बऱ्याच आहेत. मेक्सिकोचे कोझुमेल बेट, प्रशांत महासागरातले पलाऊ, इंडोनेशियातले बुनाकेन. मी पाहिली ती आपल्या शेजारची, मालदीवची.

पहिला प्रश्न खर्चाचा, कारण मांडवात सगळे तोच विचारतात. मालदीव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नटनट्यांचे पाण्यावरचे बंगले येतात. तिथले पर्यटन १९७२ मध्ये सुरू झाले आणि बरीच वर्षे ते त्या बंगल्यांपुरतेच होते. पण गेल्या पंधरा-सोळा वर्षांत साध्या वस्तीच्या बेटांवरही घरगुती पाहुणेघरे निघाली आहेत. आम्ही राहिलो ते वावू नावाच्या द्वीपसमूहातल्या अशाच एका बेटावर. राजधानी मालेहून स्पीडबोटीने दीड-दोन तास. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. खरा वेळ लागला तो आमच्या खात्याकडून परदेशी जाण्याचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळवायला. तो प्रवास मालदीवच्या प्रवासापेक्षा लांबचा होता!

आता ही भिंत कुठून आली ते सांगतो, कारण तिचे आपल्याशी नाते आहे. मालदीव म्हणजे सुमारे १,२०० छोटी बेटे. ती विस्कळीत पडलेली नाहीत, तर २६ कंकणद्वीपांमध्ये मांडलेली आहेत. कंकण म्हणजे बांगडी. समुद्रात प्रवाळाची एक प्रचंड बांगडी, तिच्या कडेवर बेटे, मध्ये उथळ निळे पाणी आणि बाहेर खोल समुद्र. इंग्रजीतला 'अ‍ॅटॉल' हा शब्द मुळात त्यांच्या दिवेही भाषेतला. बांगडीचा आकार का होतो, याचे उत्तर चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये दिले. समुद्रातून ज्वालामुखीचा डोंगर वर येतो, त्याच्या काठाने प्रवाळ वाढतो. पुढे लाखो वर्षांत डोंगर खाली खचत जातो. प्रवाळाला मात्र उजेड हवा असतो, म्हणून तो वर वर बांधकाम करत राहतो. शेवटी डोंगर बुडून जातो आणि बांगडी तेवढी उरते.

तो बुडालेला डोंगर कुणाचा? भूशास्त्रज्ञ सांगतात की, पृथ्वीच्या पोटात एक तप्त जागा आहे, जी आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला भूखंड तिच्यावरून उत्तरेकडे सरकत होता, तेव्हा तिथून लाव्हा उसळला आणि दख्खनचे पठार झाले. सह्याद्री त्याचाच आणि इथून पन्नास किलोमीटरवरचा आपला पावागडही त्याचाच. भूखंड पुढे सरकत गेला, तसा त्याच भट्टीतून लक्षद्वीप आणि मालदीवचा पाया पडला. म्हणजे ज्या खडकावर पाय रोवून आपण महाकालीच्या पायऱ्या चढतो, त्याचाच धाकटा भाऊ त्या प्रवाळाखाली खोल बसलेला आहे. परदेशात आल्यासारखे मला वाटले नाही, त्याचे हे एक कारण.

दुसरे कारण भाषा. दिवेही ही आपल्याच कुळातली. ते मोजतात एके, दे, तिने. मासळीला म्हणतात मस. होडीला म्हणतात धोनी. आपल्याकडे जुन्या मराठीत डोणी हा शब्द आहेच. आणि तिसरे कारण कवडी. आपण सहज म्हणून जातो, 'कवडीमोल', 'फुटकी कवडी देणार नाही', 'कवडीचुंबक'. भवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. हिंदुस्थानात नाणे म्हणून चाललेल्या या कवड्यांचा मोठा पुरवठा शतकानुशतके मालदीवहून होत असे. गलबते भरून कवड्या बंगालला जायच्या आणि बदल्यात तांदूळ यायचा. चौदाव्या शतकात इब्न बतूता तिथे काझी होता, त्याने हे लिहून ठेवले आहे. पिवळट पांढरी, नखाएवढी जिवंत कवडी मी तिथल्या उथळ पाण्यात दगडाखाली पाहिली, तेव्हा आमच्या देव्हाऱ्यातली परडी आठवली.

असो. आता माझ्या खात्याच्या विषयाकडे वळतो, म्हणजे प्रवाहाकडे.

समुद्र सगळीकडे सारखा वाहत नाही. मालदीवमध्ये पावसाळ्याचे वारे नैर्ऋत्येचे आणि हिवाळ्याचे ईशान्येचे. त्याप्रमाणे वर्षाचा काही काळ पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे आणि काही काळ पूर्वेकडून पश्चिमेकडे ढकलले जाते. त्यात भरती-ओहोटीची भर. आमच्या खंभातच्या आखाताच्या मानाने तिथली भरती काहीच नाही, जेमतेम एक मीटर. पण बांगडीच्या आतले तळे शेकडो चौरस किलोमीटरचे असते आणि एवढे पाणी आत-बाहेर व्हायला वाटा थोड्या. बांगडीला जिथे खिंडारे आहेत तिथूनच सगळे पाणी जाते. या खिंडाराला ते 'कंडू' म्हणतात.

आम्ही कालव्यावर पहिल्या वर्षी शिकतो तो नियम इथे लागू पडतो. पाण्याचा विसर्ग म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ गुणिले वेग. दहा मीटर रुंदीचा कालवा नाल्यावरच्या मोरीत चार मीटरचा झाला आणि खोली तेवढीच राहिली, तर वेग अडीचपट होतो. आजव्याचे पाणी सुटल्यावर विश्वामित्री पुलांखालून कशी धावते, हे या गावात कुणाला सांगायला नको. कंडूत तेच होते. बाहेरच्या भिंतीवर सेकंदाला अर्धा मीटर चालणारे पाणी कंडूच्या तोंडाशी एक मीटर, दीड मीटर होते. सेकंदाला एक मीटर हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण टाकी पाठीवर असलेला धडधाकट माणूस पायात पंख घालून पूर्ण ताकदीने पोहला, तरी या वेगापुढे एका जागी टिकू शकत नाही. आणि जिथे प्रवाह, तिथेच जीवन. भिंतीवरचे प्रवाळ, स्पंज, समुद्रपंखे हे सगळे एका जागी बसून जेवणारे. त्यांचे ताट प्रवाह आणून देतो. त्यांच्यावर लहान मासे, लहानांवर मोठे, आणि कंडूच्या तोंडाशी शार्क. कोकणात ज्याला मुशी म्हणतात त्या जातीतले.

प्रवाहाविरुद्ध का पोहायचे नाही, याचा दुसरा हिशेब हवेचा आहे. आमची टाकी १२ लिटरची, तिच्यात २०० बार दाबाने हवा भरलेली. म्हणजे २,४०० लिटर. त्यातली ५० बार, म्हणजे ६०० लिटर, अडचणीसाठी हात न लावता ठेवायची. उरली १,८००. शांतपणे श्वास घेतला तर मला मिनिटाला १८ लिटर लागते. जमिनीवर ही हवा १०० मिनिटे पुरेल. पण पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो आणि तेवढ्याच पटीने हवा लागते. दहा मीटरवर ५० मिनिटे, वीस मीटरवर ३३ आणि तीस मीटरवर २५. सरासरी पंधरा मीटरची बुडी धरली तर ४० मिनिटे. आता यात कुणी प्रवाहाशी झुंजायला गेला तर श्वास दुप्पट होतो आणि ४० ची २० होतात. म्हणून वाहती बुडी हा आळसाचा प्रकार नाही, काटकसरीचा आहे. आणि अर्धा मीटर वेगाने ४० मिनिटांत माणूस १,२०० मीटर जातो. एक बोट न हलवता सव्वा किलोमीटरची भिंत पाहून होते.

प्रत्यक्ष बुडी कशी असते ते सांगतो. फेब्रुवारी महिना. धोनी भिंतीच्या बाहेर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला उभी राहते. आधी वाटाड्या एकटा पाण्यात उतरून प्रवाह कुठे आणि किती जोरात चालला आहे ते पाहून येतो. पाणी बांगडीच्या आत शिरत असेल तरच कंडूत उतरायचे, कारण मग कुणी वाहून गेला तरी आतल्या शांत तळ्यात जातो. पाणी बाहेर पडत असेल तर बेत रद्द. नंतर सगळ्यांनी एकदम उडी मारायची आणि पृष्ठभागावर न रेंगाळता सरळ खाली जायचे. वर चष्मा नीट करत बसलात तर तोवर भिंत निघून गेलेली असते.

पहिली दोन मिनिटे फक्त निळे दिसते. मग उजव्या हाताला एक काळसर सावली जाड होत जाते आणि एकाएकी ती भिंत होते. वर पाहिले तर तिचा माथा उजेडात आणि खाली पाहिले तर ती निळ्यातून जांभळ्यात, जांभळ्यातून काळ्यात उतरत गेलेली. तळ दिसत नाही. मालदीवच्या नियमाप्रमाणे हौशी माणसाला ३० मीटरच्या खाली जायची परवानगी नाही. भिंत मात्र शेकडो मीटर जाते. आपण जागच्या जागी तरंगतो आहोत आणि भिंतच रेल्वेच्या खिडकीतून दिसावी तशी सरकते आहे असे वाटते. कपारी येतात, त्यांच्या छताला मऊ प्रवाळाचे झुंबर लटकलेले. वीस मीटरवर लाल रंग पोहोचत नाही, त्यामुळे ते राखाडी दिसतात. हातातली विजेरी लावली की तोच प्रवाळ एकदम कुंकवासारखा लाल! विजेरी बंद केली की पुन्हा राख. कासव येते, आपल्याकडे न पाहता कपारीतला स्पंज खात राहते. आपण तिथून जाऊन आलो हे त्याच्या लक्षातही राहत नसावे.

कंडूच्या तोंडाशी आले की वाटाड्या खूण करतो. प्रत्येकाजवळ एक बोथट आकडा असतो, त्याला दीड मीटर दोरी. तो आकडा मेलेल्या खडकाच्या फटीत अडकवायचा, जिवंत प्रवाळाला लावायचा नाही, आणि पतंगासारखे दोरीवर तरंगत राहायचे. समोरून पाणी अंगावर येते, मान वळवली तर चष्मा निघेल इतके. आणि त्या पाण्यात, आपण ज्यात दोरीने टिकलो आहोत त्यात, दहा-बारा करडे शार्क शेपटीच्या एका झोक्यावर स्थिर उभे असतात. त्यांच्या डोळ्यात आपल्याविषयी राग नाही आणि कुतूहलही नाही. आठ-दहा मिनिटे पाहायचे, आकडा सोडायचा आणि पाण्याने आत न्यावे तसे जायचे. शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून वर यायचे. रक्तात मुरलेला नायट्रोजन हळूहळू निघावा म्हणून ही थांबण्याची शिस्त. त्याच कारणाने शेवटच्या बुडीनंतर अठरा तास विमानात बसायचे नाही.

हे सगळे ऐकायला सुंदर आहे. पण मी आज मुख्यतः सांगायला आलो आहे ते आमच्या पाचव्या दिवसाबद्दल.

त्या दिवशी आम्ही आठजण खाली होतो. त्यात पुण्याहून आलेले एक निवृत्त बँक अधिकारी होते. साठीचे, अनुभवी, शांत. त्यांच्या पत्नीला पाण्याची आवड नव्हती, त्या नुसत्या फेरीसाठी धोनीवर यायच्या. बाहेरच्या भिंतीवर पंचवीसेक मिनिटे चांगली गेली. पुढे भिंतीला एक कोपरा होता. तिथे प्रवाह भिंतीपासून फुटून बाहेर, खुल्या समुद्राकडे वळला. वाटाड्याच्या ते लगेच लक्षात आले, त्याने सगळ्यांना वर आणि भिंतीलगत यायची खूण केली. आम्ही सातजण वळलो. काका सर्वांत मागे होते, चष्म्यात शिरलेले पाणी काढत होते. मी मागे वळून पाहिले तेव्हा ते वीसेक मीटर दूर निळ्यात होते आणि दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा नव्हते.

वर आलो. धोनीवर चढलो. वाटाड्याने मोठ्याने मोजले. सात. पुन्हा मोजले. सात. काकू शिडीजवळ उभ्या होत्या, प्रत्येकाला टाकी काढायला हात देत होत्या. त्यांनी विचारले नाही. त्यांनीही मोजले होते. त्या बाकावर जाऊन बसल्या, पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडले आणि न पिता परत लावले.

मी पाहिले ते कप्तानाने काय केले. धोनीचा कप्तान पन्नाशीचा, लुंगी नेसलेला, शाळा फारशी न शिकलेला माणूस. त्याने होडी इकडेतिकडे पळवली नाही. ज्या कोपऱ्यावर माणूस सुटला तिथे तो आला, इंजीन मंद केले आणि नारळाची एक सोडण पाण्यात टाकली. मग घड्याळ पाहत ती सोडण कुठे जाते ते बघत राहिला. होडीला वारा ढकलतो, पण पाण्यात जेमतेम बुडलेल्या सोडणाला पाणीच नेते, आणि माणसालाही पाणीच नेते. बंधुभगिनींनो, कालव्याचा वेग मोजायचे आमचे यंत्र बिघडले की आम्ही हेच करतो. तरंग्याची पद्धत. तीस मीटर अंतर आखायचे, लाकडाचा तुकडा सोडायचा, सेकंद मोजायचे. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला चार गुणांना येणारा प्रश्न. त्या दिवशी त्या चार गुणांवर एका माणसाचा जीव होता.

सोडण बाहेर, आग्नेयेला चालली होती. कप्तानाने हिशेब केला, होडी त्या रेषेवर घातली आणि खलाशी पोराला टपावर चढवले. समुद्रात लाटांमध्ये माणसाचे डोके शंभर मीटरवरूनही दिसत नाही; नारळ तरंगावा तेवढेच ते असते. आम्ही सगळे एकेक दिशा वाटून घेऊन पाहत होतो. कुणी बोलत नव्हते. चौतीस मिनिटांनी पोर ओरडले. दूर एक नारिंगी रेघ उभी होती, दिसायची, लाटेआड जायची, पुन्हा दिसायची.

काकांनी काय केले होते? जे शिकवले होते ते. एक मिनिट सगळीकडे पाहिले. कुणी दिसले नाही तेव्हा शोधत बसले नाहीत, प्रवाहाशी झुंजले नाहीत. कंबरेची नारिंगी नळी हवेने भरून दोरीवर वर सोडली, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबले, वर आले, अंगरखा फुगवला आणि नळी उभी धरून राहिले. धोनीवर आल्यावर त्यांनी आधी वाटाड्याला टाकीत किती हवा उरली ते सांगितले, कारण नियमाप्रमाणे ते सांगायचे असते. मग काकूंच्या शेजारी जाऊन बसले. काकूंनी ती बाटली त्यांच्या हातात दिली. दोघेही बराच वेळ काही बोलले नाहीत.

दीड मीटर लांबीची प्लॅस्टिकची नळी, एक नियम आणि मोजणारा माणूस. या तीनपैकी एक नसता तर मी आज वेगळे काही सांगत असतो, किंवा सांगत नसतो. १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपे असेच पाण्यात राहिले. होडीवर डोकी मोजण्यात चूक झाली आणि होडी निघून गेली. ते दोघे परतले नाहीत हे दोन दिवसांनी लक्षात आले. ते कधीच सापडले नाहीत. तो समुद्र खवळलेला नव्हता. मोजणी चुकली, एवढेच.

यावरून आमच्या घरात एक प्रश्न उभा राहिला, तो तुमच्यापुढे मांडतो. माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. लालबागच्या तरणतलावात लहानपणापासून पोहते. तिला हा कोर्स करायचा आहे, मी केला तसा मालवणजवळ तारकर्लीला. माझ्या आईचा विरोध. आई म्हणते, "तू गेलास तेव्हा मी गप्प बसले, पण पोरीला नको." मी आईला काकांची गोष्ट सांगितली, न सांगता पाठवणे मला बरे वाटेना. आईने सगळे ऐकले. शार्कबद्दल काही विचारले नाही, खोलीबद्दल नाही. एवढेच विचारले, "वर होडी थांबते ना?"

मला वाटते, एवढा नेमका प्रश्न अजून मला कुठल्या प्रशिक्षकानेही विचारला नाही. आपली मुले आता सुट्टीत गोव्याला, मालवणला, अंदमानला, आपल्या शिवराजपूरला जातात आणि पाण्याखालचा फोटो काढून येतात. त्यांना अडवू नका. पण पैसे भरण्याआधी आजीचा प्रश्न विचारायला सांगा. वर होडी थांबते का, आणि तिच्यावरचा माणूस जाताना-येताना डोकी मोजतो का? एका प्रशिक्षकामागे किती जण? प्रत्येकाजवळ नळी आणि शिट्टी आहे का? आरोग्याचा अर्ज वाचून भरून घेतात की नुसती सही? दमा, फिट, हृदयाचा त्रास असेल तर तो लपवू नका. एवढ्या प्रश्नांना जो कंटाळतो, त्याच्या होडीत बसू नका.

आता शेवटचा मुद्दा, त्या भिंतीच्या प्रकृतीचा. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, तेच त्याला अन्न आणि रंग देते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले की, ते शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवले तर सावरतो, नाही तर मरतो. १९९८ मध्ये मालदीवच्या उथळ भागातला बहुतेक प्रवाळ असा गेला. पुन्हा सावरत होता, तोच २०१६ मध्ये तिथल्या निम्म्याहून जास्त प्रवाळाला तोच फटका बसला. भिंतीवरून वाहताना हे पुस्तकासारखे वाचता येते. वरच्या पाच-सहा मीटरांत पडक्या वाड्याच्या विटांसारखा राखाडी चुरा. त्यात मधूनमधून तळहाताएवढी नवी रोपे. खाली वीस मीटरवर मात्र अजून रंग आहे.

हे फक्त सौंदर्याचे नुकसान नाही. या देशातली जमीन समुद्रापासून सरासरी दीड मीटर उंच. लाटेचा जोर मोडतो तो प्रवाळाच्या कडेवर. मालेमध्ये पूर्वी घरे बांधायला प्रवाळाचेच दगड काढले, उथळ कडा भरून जमीन केली. १९८७ मध्ये मोठ्या लाटा थेट शहरात शिरल्या. मग जपानच्या मदतीने काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांचा बांध घालावा लागला. मी ते ठोकळे पाहिले आणि अंदाजपत्रक करणारा माणूस म्हणून मनात हिशेब केला. जे काम प्रवाळ फुकट करत होता आणि स्वतःची दुरुस्तीही स्वतःच करत होता, त्याला आता निविदा काढाव्या लागतात.

तरी तिथल्या लोकांनी एक हिशेब नीट मांडला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एक अभ्यास झाला. एक करडा शार्क मारून विकला तर कोळ्याला एकदाच सुमारे ३२ डॉलर मिळत. तोच शार्क जिवंत राहिला, तर त्याला पाहायला येणाऱ्यांकडून वर्षाला सरासरी ३,३०० डॉलर येत. २०१० मध्ये देशभर शार्कच्या शिकारीवर बंदी आली. कंडूच्या तोंडाशी मी जे दहा-बारा पाहिले, ते त्या हिशेबामुळे मला पाहायला मिळाले. ज्या बेटांनी एके काळी आपल्याला कवड्या पुरवल्या, त्यांनी जिवंत जनावराची किंमत कवडीमोल नाही हे आकड्यांत दाखवून दिले.

माझे बोलणे संपले. मुलीचे म्हणाल तर डिसेंबरमध्ये ती तारकर्लीला जाणार आहे. आईने होकार दिला नाही, पण नळी आणि शिट्टी स्वतःच्या पैशाने आणून दिली आहे. दर रविवारी सकाळी सात वाजता मी लालबागच्या तलावावर असतो. मंडळातल्या ज्या मुलांना, आणि मोठ्यांनाही, पाण्यावर शांत पडून राहायला शिकायचे असेल, त्यांनी यावे. पोहणे त्यानंतर. फी नाही, टोपी मात्र आणावी.



मंगलमूर्ती मोरया!